कार्डाचे कर्ज थकण्याआधीच हलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेश चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात वर्तमानपत्रांच्या पानापानावर टीव्ही, फ्रीज, मोबाईलच्या जाहिराती असतात आणि बहुतेकींच्या तळाशी बारीक अक्षरांत क्रेडिट कार्डाच्या हप्त्याची ओळ असते. त्या खरेदीबद्दल आमची तक्रार नाही. सण आहे, घरात काही नवे यायचेच. आम्हाला लिहायचे आहे ते पुढे येणाऱ्या बिलाबद्दल, आणि त्यातही एका विशिष्ट कार्डधारकाबद्दल. तो दर महिन्याला तारीख न चुकवता 'किमान देय रक्कम' भरतो आणि म्हणून स्वतःला कर्जबाजारी समजत नाही.

गोव्यात असा माणूस तयार व्हायला कारण आहे. हॉटेल, टॅक्सी, शॅक, जलक्रीडा यांवर ज्यांचे पोट आहे त्यांची कमाई ऑक्टोबर ते मे. मेअखेरचे पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी), जूनमधली शाळा-कॉलेजची फी, पावसाळ्याची डागडुजी आणि शेवटी चवथ, हे सगळे मोठे खर्च नेमके आवक आटते तेव्हा अंगावर येतात. मग बिलावरची 'एकूण देय' बाजूला राहते आणि तिच्याखालची 'किमान देय' भरली जाते. सीझन सुरू झाला की सगळे एकदम फेडू, असे मनात असते. सीझन येतो, पण तोवर कर्ज जागचे हललेले नसते आणि त्यात चवथीची भर पडलेली असते.

आधी हिशेब. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर महिन्याला ३ ते ३.७५ टक्के व्याज असते. साडेतीन टक्के धरले तर वर्षाचे ४२. व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला प्रत्यक्षात ४.१३ टक्के. एक लाख रुपये बाकी असेल तर पहिल्याच महिन्यात ३,५०० व्याज आणि ६३० कर, मिळून ४,१३०. किमान देय साधारणपणे एकूण रकमेच्या ५ टक्के, म्हणजे ५,२०६. ते भरल्यावर कर्ज कमी झाले अवघे १,०७६ रुपयांनी. एकही नवी खरेदी न करता असेच वर्षभर चालवले तर खिशातून सुमारे ५८,९०० रुपये जातात आणि कर्ज येते ८७,८०० वर. ते निम्मे व्हायला पाच वर्षे चार महिने लागतात. किमानच भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षे लांबेल, अशी सूचना बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, आणि ती छापलेली असतेही. पण पूर्ण बिल उघडतो कोण? बहुतेकांच्या हाती पडतो तो एसएमएस. त्यात दोन आकडे आणि एक तारीख, बस्स.

व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा आहे, असा एक निरोप व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरतो. त्यावर विसंबू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निकाल दिला होता हे खरे, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. आज कायद्याने ठरवलेला कमाल दर नाही. तुमच्या करारात लिहिलेला दर हाच तुमचा दर.

किमान रकमेची खरी खोच अशी की ती टक्केवारीत असल्यामुळे दर महिन्याला थोडीथोडी घटते आणि भरणाराही तेवढाच हात आखडतो. वरच्याच उदाहरणात पहिल्या महिन्याचे ५,२०६ रुपये पकडून ठेवा आणि बिलावर किमान कितीही येवो, तेवढेच भरत राहा. ३९ महिन्यांत कर्ज संपते. सहा हजार भरले तर २९ महिने, आठ हजार भरले तर १८, दहा हजारांत चौदाव्या महिन्याला मोकळे. सहा हजारांच्या वाटेने एकूण १,७२,८०० च्या आसपास जातात, आठ हजारांच्या वाटेने १,४३,५००. दरमहा दोन हजार जास्त भरून २९ हजार वाचतात. ज्याला दुसरे काहीच जमणार नाही त्याने निदान एवढे करावे: रक्कम रुपयांत ठरवावी आणि ती पगार झाला त्याच दिवशी भरावी, शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. कार्डाचे व्याज रोजच्या बाकीवर चढते. पाच हजार रुपये वीस दिवस आधी भरले तर करासकट सुमारे १३५ रुपये वाचतात, दर महिन्याला.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. वीस ते पन्नास दिवस बिनव्याजी, हे कार्डाचे सगळ्यात मोठे आकर्षण. ती सवलत फक्त मागचे बिल पूर्ण भरणाऱ्याला असते. मागची काही बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागते. बाकी असताना १८ ऑगस्टला १२,००० रुपयांचे कपडे घेतले आणि बिल १५ सप्टेंबरला निघाले, तर त्या कपड्यांवर तोवरच करासकट ४५६ रुपये चढलेले असतात. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले, तेव्हापासून तर सकाळचा पोदेराचा (बेकरीवाल्याचा) पाव आणि बाजारातले नुस्ते, म्हणजे मासळीही, उधारीवर येऊ लागले आहे. क्यूआर तोच, पैसे जातानाचा आवाज तोच. खाते मात्र बचतीचे नसून कार्डाचे. बाकी ओढत असाल तर त्या चाळीस रुपयांच्या पावावरही त्याच दिवसापासून ४२ टक्के. एटीएममधून कार्डावर रोख काढणे याहून वाईट: साधारण अडीच टक्के शुल्क, बहुधा किमान ५०० रुपये, आणि बिनव्याजी दिवस मुळात शून्य. दोन हजारांची नड भागवायला पाचशेचे शुल्क देणारे लोक आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. जो अजून वेळेवर किमान भरतो आहे, त्याच्या हातात एक गोष्ट असते जी थकबाकीदाराच्या हातात नसते: पत. मर्यादेच्या ऐंशी-नव्वद टक्के वापर झाला असेल तर सिबिलचे गुण (कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारा पतगुणांक) थोडे उतरलेले असतात, पण अहवालात थकीत हप्ता नसतो. अशा माणसाला बँक किंवा पतसंस्था स्वस्त कर्ज देते. हाच माणूस सहा-आठ महिने आणखी रेटतो, एका कार्डातून दुसऱ्याचे भरतो, मग दोन तारखा चुकवतो आणि तेव्हा कर्ज मागायला येतो. तोवर दार बंद झालेले असते. म्हणून कर्ज कार्डावरून उचलून दुसरीकडे न्यायचे ते चालू असतानाच. सगळे सुरळीत आहे असे वाटते तीच ती वेळ.

हलवण्यात दुहेरी फायदा आहे. एक तर दर कमी. दुसरे म्हणजे बँकेच्या साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही. कायद्यातली ती सूट क्रेडिट कार्डाच्या व्याजाला मिळत नाही. एक लाखाचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो सुमारे ४,८०० रुपये, म्हणजे कार्डाच्या पहिल्या किमान रकमेपेक्षाही कमी. चोवीस महिन्यांत एकूण व्याज १५,२०० च्या आसपास, आणि कर्ज संपलेले. सोनेतारण १० टक्क्यांनी मिळाले तर हप्ता ४,६१५ आणि व्याज पावणेअकरा हजार.

कुठून आणायचे, याचा क्रम आम्ही असा लावू. सर्वांत आधी स्वतःचे पडून असलेले पैसे. एक लाखाच्या मुदत ठेवीवर ७ टक्क्यांनी महिन्याला ५८३ रुपये मिळतात आणि तेवढ्याच कार्डाच्या बाकीवर ४,१३० जातात. तरीही 'ठेव मोडायची नाही' हा आपल्याकडचा दंडक. मोडावी. मुदतीआधी मोडल्याचा दंड बहुधा अर्धा ते एक टक्का असतो. मुदत संपायला थोडेच महिने असतील तर ठेवीवर कर्ज घ्यावे. ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडते. पीपीएफ खाते तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर दोन वर्षांपूर्वीच्या मार्चअखेरच्या शिलकीच्या २५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, व्याज १ टक्का, परतफेड ३६ महिन्यांत. एवढे स्वस्त कर्ज दुसरे नाही आणि ते क्वचितच कोणी मागते. जुनी आयुर्विमा पॉलिसी असेल तर तिच्या सरेंडर मूल्यावर (पॉलिसी मोडल्यास मिळणाऱ्या रकमेवर) कर्ज मिळते. मग सोनेतारण, मग पतसंस्था किंवा सहकारी बँक, मग व्यापारी बँकेचे वैयक्तिक कर्ज.

सोनेतारणाबाबत सावधगिरी दोन. 'वर्षाअखेरीस एकरकमी' या प्रकारात दरमहा काही भरावे लागत नाही, म्हणून तो लोकांना आवडतो. वर्षाने मुद्दल-व्याजाची मोठी रक्कम एकदम समोर येते, नूतनीकरण करावे लागते आणि हे दोन-तीनदा झाले की दागिना लिलावात जातो. मासिक हप्त्याचे सोनेतारण मागावे, बँका देतात. आणि मिळते तेवढे सगळे उचलू नये. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये काढलेल्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. एवढे काठोकाठ कर्ज घेतले आणि भाव उतरला तर आणखी सोने ठेवा नाहीतर पैसे भरा, असा निरोप येतो.

पतसंस्थेकडून घेताना हातात येणारी रक्कम आधी विचारावी. शेअरभांडवलासाठी काही टक्के, प्रक्रिया शुल्क आणि मुद्रांक खर्च कापून उरते ते तुमचे. एक लाख मंजूर झाले आणि हातात ९३ हजार आले तर कार्डावर सात हजार शिल्लक राहतात, आणि शिल्लक राहिली की बिनव्याजी दिवसही परत मिळत नाहीत. त्यामुळे अर्जच कापाकापी धरून करायचा.

घर मात्र यात आणू नये. कार्डाचे कर्ज विनातारण असते. ते घर गहाण ठेवून फेडले तर दर उतरतो हे खरे, पण ज्या कर्जापायी फार तर पत गेली असती त्याच कर्जापायी आता छप्पर जाऊ शकते. गोव्यात आणखी एक पेच आहे. आपल्या नागरी कायद्यात विवाहानंतरची मालमत्ता सहसा दोघांची सामाईक असते आणि स्थावर मालमत्ता तारण द्यायला पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात. बायकोला किंवा नवऱ्याला न सांगता साचवलेले कार्डाचे कर्ज अशा वेळी नोटरीच्या टेबलावर पहिल्यांदा उघडे पडते. आधीच सांगितलेले बरे.

बँकेकडूनही फोन येतो: 'तुमची बाकी सोप्या हप्त्यांत बदलून देतो, महिना फक्त सव्वा टक्का.' इथे एकच प्रश्न विचारायचा: हा दर घटत्या बाकीवर की सपाट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर? एक लाख, बारा महिने, सव्वा टक्का सपाट म्हणजे १५,००० व्याज आणि ९,५८३ चा हप्ता. घटत्या बाकीने तो दर वर्षाला साडेसव्वीस टक्क्यांवर जातो. शिवाय हे कर्ज कार्डाचेच राहिल्यामुळे दर हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी, वर प्रक्रिया शुल्क, आणि मुदतीआधी फेडल्यास बहुधा दंड. ४२ पेक्षा २६ बरे, यात वाद नाही. बाहेर कुठेच कर्ज मिळत नसेल तर हे घ्यावे. पण आधी बाहेर विचारून पाहावे. 'नो कॉस्ट' हप्त्याचेही असेच: व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि शुल्क तुम्हीच भरता.

एका वाटेला मात्र अजिबात जाऊ नये. ओळखीच्या दुकानात कार्ड घासायचे, माल घ्यायचा नाही, दोन-तीन टक्के कापून रोख घ्यायची आणि तीतून दुसऱ्या कार्डाचे बिल भरायचे. हे फिरवणे महिन्याला तीन टक्क्यांनी वर्षाला छत्तीस टक्के पडते, कर्जातला एक रुपयाही कमी होत नाही, आणि बँकेच्या लक्षात आले तर कराराचा भंग म्हणून कार्ड एका दिवसात गोठते. त्या दिवशी साखळीतली सगळी कार्डे एकदम थकतात.

कर्ज हलवल्यावर फसगत होते ती दोन ठिकाणी. पहिली: बिल १५ तारखेला निघाले, एक लाख दाखवले, तुम्ही ५ तारखेला एक लाख भरून मोकळे झालात. पुढच्या बिलावर पुन्हा सुमारे २,७०० रुपये दिसतात. ते १५ ते ५ या वीस दिवसांचे व्याज आणि कर. लोक हे चुकीचे समजून सोडून देतात. मग त्यावर विलंब शुल्क लागते आणि सिबिलमध्ये क्षुल्लक रकमेसाठी थकीतचा डाग पडतो. म्हणून भरण्याच्या दिवशी कस्टमर केअरला फोन करून 'आजच्या तारखेला खाते पूर्ण बंद करायला किती' असा आकडा घ्यावा, बिलात न आलेल्या खरेद्या आणि उरलेले हप्ते धरून, आणि पुढचे बिल शून्य आले की नाही ते पाहावे.

दुसरी फसगत अधिक नेहमीची. कार्डाची मर्यादा मोकळी होते आणि तिच्यावर पुन्हा खरेदी सुरू होते. वर्षभरात कार्डाचे कर्जही उभे आणि वैयक्तिक कर्जही उभे. कार्ड कात्रीने कापून उपयोग नाही, नंबर अॅपमध्ये जिवंत असतो. बँकेच्या अॅपमध्ये ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार वेगवेगळे बंद करायची बटणे असतात. ती बंद करावीत. यूपीआय अॅपमधून कार्ड काढावे. जेवण मागवायची, गाडी बोलवायची, सिनेमा बघायची अॅपे एकेक उघडून साठवलेले कार्ड पुसावे, दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांच्या संमती रद्द कराव्यात. मर्यादा लेखी मागणी करून कमी करून घ्यावी. आणि ऑटो-पे तपासावा: त्यात 'एकूण' आणि 'किमान' असे दोन पर्याय असतात आणि खूण 'किमान'वर असल्याचे अनेकांना ठाऊकच नसते.

एकापेक्षा जास्त कार्डे असतील तर आधी कोणते? पुस्तकी उत्तर, ज्याचा दर जास्त ते. आपल्याकडे दरांत फरक अर्ध्या-पाऊण टक्क्याचा असतो, म्हणून आमच्या मते आधी सर्वांत लहान बाकी संपवावी. तिची किमान रक्कम मोकळी होते, एक तारीख कमी होते, आणि ते कार्ड बंद करता येते. बाकीच्यांची किमान चुकवायची नाही, हे अर्थातच. बाकी शून्य असताना बंद करण्याची विनंती केली की सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. नाही झाले तर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. विनंती अॅप किंवा ईमेलवरून करावी, फोनवर नको; फोनवरची विनंती पॉइंटांच्या नव्या योजनेत विरघळते.

हे झाले चालू खात्यांचे. ज्यांचे आधीच थकले आहे त्यांच्यासाठी तारखांचा हिशेब वेगळा. देय तारखेनंतर तीन दिवस उलटले की खाते थकीत म्हणून कळवले जाते आणि विलंब शुल्क लागते, मोठ्या बाकीवर हजार-तेराशे रुपयांपर्यंत, वर जीएसटी. हे शुल्क फक्त न भरलेल्या रकमेच्या हिशेबाने लागायला हवे आणि न भरलेले शुल्क किंवा कर यांच्यावर व्याज चढवता येत नाही; बिलात तसे दिसले तर तक्रार करावी. किमान रक्कम ९० दिवस भरली नाही की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते. बोलणी करायची ती या ९० दिवसांच्या आत. बँकेच्या नोडल (तक्रारी पाहणाऱ्या) अधिकाऱ्याला ईमेल लिहावा: कार्डाचे शेवटचे चार आकडे, सध्याचे उत्पन्न, दरमहा किती भरू शकता तो आकडा, आणि बाकी मुदत कर्जात बदलून देण्याची मागणी. हॉटेलातल्या किंवा टॅक्सीवाल्या माणसाने पावसाळ्यात कमी आणि नोव्हेंबरपासून जास्त, असे स्वच्छ वेळापत्रक द्यावे. 'सीझन आला की बघू' याला बँक उत्तर देत नाही. आकडा दिला तर निदान बोलणे सुरू होते. पगाराचे खाते आणि कार्ड एकाच बँकेचे असेल तर एवढे ध्यानात ठेवावे की बहुतेक करारांत थकबाकी त्या खात्यातून वळती करून घेण्याचा अधिकार बँकेला दिलेला असतो. पगार जमा झाला आणि दुपारी गायब, हे त्यामुळे घडते.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना निरोप, वाड्यावर येऊन चारचौघांत नाव घेणे, यातले काहीच त्यांना करता येत नाही. घरी येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे. ते नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे. पैसे न भरता येणे हा दिवाणी विषय आहे, त्यासाठी पोलीस पकडून नेत नाहीत. कोरा धनादेश मात्र देऊ नये. तो न वटल्यास नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो, आणि बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेल्यासही तशीच तरतूद आहे. व्हॉट्सअॅपवर न्यायालयाच्या शिक्क्यासारखे काही आले तर खटला क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तपासावा. खरी नोटीस, मग ती लवादाची असो वा लोकअदालतीची, दुर्लक्षू नये. हजर राहून आपला आकडा मांडावा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही हेल्पलाइन आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तडजोड ठरली तर आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र, मग पैसे. पत्रात रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही देणे नाही' हे वाक्य हवे. पैसे कार्डाच्या खात्यातच भरायचे, एजंटाच्या स्वतःच्या यूपीआयवर कदापि नाही. तडजोडीने मिटलेले खाते सिबिलवर 'सेटल्ड' असे वर्षानुवर्षे दिसते आणि घरकर्जाच्या वेळी आडवे येते. म्हणून पूर्ण फेड शक्य असेल तर तडजोडीच्या मोहात पडू नये. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रारीपासून ३० दिवसांत दुरुस्त व्हायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवरून फुकट तक्रार करता येते, चौकशीला १४४४८. उत्तर आणि दक्षिण गोव्यात ग्राहक आयोग आहेतच.

तारवट्यांच्या घरांसाठी थोडे वेगळे. बोटीवरचा करार संपून माणूस घरी आला की पुढच्या करारापर्यंत पगार नसतो, आणि कार्डाची बाकी साचते ती याच महिन्यांत. तो समुद्रावर असताना घरच्यांकडे पुरवणी कार्ड असते, पण बिल त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या भारतातल्या नंबरवर, आणि ९० दिवस न वापरल्यामुळे तो नंबरच बंद पडलेला. घरच्यांना बाकी किती ते कळत नाही, बँकेला माणूस सापडत नाही. निघण्यापूर्वी नंबर चालू राहील अशी व्यवस्था करावी, बिल घरच्या ईमेलवरही येईल असे पाहावे, ऑटो-पे 'एकूण'वर ठेवावा आणि पुरवणी कार्डाची मर्यादा कमी करावी. पुरवणी कार्डावरचा खर्च कोणीही केला तरी देणे मूळ कार्डधारकाचेच.

शेवटी एक मागणी, आणि ती राज्यातल्या सहकारी बँका व पतसंस्थांच्या संचालकांकडे आहे. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बन बँकेचा २०२१ मध्ये रद्द झाला. ओळखीच्या शाखेतून लहान कर्ज घेण्याची सवय ज्यांना होती त्यांतले बरेचजण त्यानंतर कार्डाकडे वळले असे आमचे मत आहे. उरलेल्या संस्थांनी सभासदांसाठी कार्डाचे कर्ज उचलून घेणारी योजना काढावी. दीड लाखांपर्यंत, रक्कम सभासदाच्या हाती न देता थेट कार्डाच्या खात्यात, कार्ड बंद झाल्याचा पुरावा महिन्याभरात, आणि हप्ते सीझनप्रमाणे: नोव्हेंबर ते मे पूर्ण, जून ते ऑक्टोबर फक्त व्याज. बारा-चौदा टक्क्यांनी दिले तरी संस्थेलाही परवडते आणि घेणाऱ्यालाही. जामीनदारांची अट मात्र विचारपूर्वक ठेवावी. दोन सरकारी नोकर जामीन मागितले तर ज्याच्यासाठी योजना आहे तो शॅकवरचा माणूस दारातूनच परत जाईल. अशी योजना एखाद्या संस्थेकडे आधीच असेल तर तिने आपला दर, मुदत आणि जामिनाची अट याच सदरातून वाचकांना कळवावी.

आपले,
बँक व्यवसायातून निवृत्त झालेले काही वाचक,
फोंडा, गोवा